हलणारं जिफ एक्सपोर्ट होत नाही? कुठे अडलंय ते असं शोधा

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यांवरून झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. कापडगिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण गिरणी कामगारांनी झांक्या काढणं सोडलं नाही. उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी मढलेली झांकी समोरून जाते तेव्हा एका फोटोत ती मावत नाही. मग फोनवर पटापट वीस-पंचवीस फोटो काढायचे, त्यांचं हलणारं चित्र, म्हणजे जिफ, करायचं आणि पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांना पाठवायचं, हे आमच्या मराठी घरांतून दर वर्षी चालतं. आणि दर वर्षी भाची मला फोन करते, "काका, सगळं जुळवलं, पण एक्सपोर्टच होत नाहीये."

मी तिला आधी एकच विचारतो, नक्की काय होतंय? फाइल बनतच नाही, की बनते पण हलत नाही, की हलते पण घाण दिसते? तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींची औषधंही वेगळी. हे न ठरवता बटणं दाबत बसलात तर रात्र जाईल.

पुढचं सगळं मुख्यतः गिम्प हा चित्रं संपादित करायचा प्रोग्राम धरून लिहिलंय, कारण तो फुकट मिळतो. फोटोशॉपचं वेगळं असेल तिथे सांगतो.

आधी तीन फ्रेम

मूळ फाइल एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइलप्रकारात, सेव्ह करा. मग 'इमेज' मेनूतून 'डुप्लिकेट' घ्या आणि त्या प्रतीत फक्त तीन लेयर (एकावर एक रचलेले थर, इथे एक फोटो म्हणजे एक लेयर आणि तीच जिफची एक फ्रेम) ठेवून बाकीचे काढून टाका. आता ती एक्सपोर्ट करा. शितावरून भाताची परीक्षा. तीन फ्रेमचं जिफ नीट निघालं तर तुमची पद्धत बरोबर आहे आणि दोष काढलेल्या लेयरांपैकी एखाद्यात किंवा एकूण आकारात आहे. तीन फ्रेमलाही तोच एरर आला तर सेटिंग तपासा. ही दोन मिनिटं वाचवू नका.

फाइल बनतच नाही

गिम्पमध्ये 'सेव्ह' दाबून जिफ मिळत नाही, तिथे फक्त एक्ससीएफ बनते. जिफसाठी 'फाइल' मेनूत 'एक्सपोर्ट अ‍ॅज', म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि ई. फाइलच्या नावाशेवटी डॉट जिफ लिहा.

यानंतर सगळ्यात जास्त येणारी अडचण: लेयर चित्राच्या कडेबाहेर गेलेत, असा संदेश. झांकीच्या फोटोंत हा हमखास येतो. फोटो हातात धरून काढलेले असतात, गर्दीत धक्के बसतात. मग झांकी एका जागी दिसावी म्हणून आपण 'मूव्ह' टूलने प्रत्येक लेयर थोडा डावी-उजवीकडे सरकवतो. सरकवला की त्याची एक बाजू कॅनव्हासच्या बाहेर जाते. जिफमध्ये प्रत्येक फ्रेम चित्राच्या चौकटीच्या आतच असावी लागते, म्हणून गिम्प तिथेच थांबतं.

संदेशातच 'क्रॉप'चं बटण असतं. ते दाबलं की फाइल निघते, पण माझं मत, घाईत दाबू नका. लेयर उजवीकडे सरकला असेल तर डावीकडे रिकामी पट्टी राहिलेली असते. ती पारदर्शक असल्यामुळे तिच्यातून मागची फ्रेम डोकावते आणि चित्राची कड फडफडत राहते. त्याऐवजी असं करा:

1. सगळे लेयर दिसत असताना, सर्व फोटोंत भरलेला असेल असा मधला भाग नजरेने ठरवा. शंका असेल तर एकेक लेयर बंद करून कडा पाहा.
2. 'क्रॉप' टूल घ्या. त्याच्या पर्यायांत 'करंट लेयर ओन्ली'वरची टिक काढा. 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' दिसत असेल तर त्यावर टिक करा. ही टिक नसली तर कॅनव्हास लहान होतो, लेयर मात्र बाहेर तसेच राहतात, आणि तोच संदेश पुन्हा येतो.
3. एंटर दाबा आणि पुन्हा एक्सपोर्ट करा.

फाइल लिहिता येत नाही, परवानगी नाही, असा संदेश असेल तर चित्राचा काही दोष नाही. जुनं जिफ दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडं आहे का ते पाहा. विंडोजमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल तर डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहू दिलं जात नाही. सुरक्षा बंद करण्यापेक्षा त्या प्रोग्रामला परवानगी द्या, किंवा नवा फोल्डर करून तिथे एक्सपोर्ट करा. फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क भरली' म्हणत असेल तर डिस्कवर जागा करा, 'एडिट' मेनूतल्या 'पर्ज'ने स्मृती मोकळी करा, आणि प्रेफरन्सेसमधून जास्त जागा असलेली दुसरी डिस्क निवडा.

फाइल बनते, पण हलत नाही

एक्सपोर्टच्या खिडकीत 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन'वर टिक आहे का? बहुतेक वेळा तीच राहिलेली असते. टिक नसली की सगळे लेयर एकत्र होऊन एकच स्थिर चित्र निघतं. एकदाच हलून थांबत असेल तर 'लूप फॉरएव्हर' तपासा.

फोटोशॉपमध्ये 'एक्सपोर्ट'खालच्या 'सेव्ह फॉर वेब'मधून जा, वरच्या यादीत जिफच निवडा आणि खाली लूप 'फॉरएव्हर' ठेवा. तिथे जेपेग राहिलं तर एकच फ्रेम मिळते.

क्रम उलटा दिसतोय? गिम्पमध्ये सगळ्यात खालचा लेयर ही पहिली फ्रेम. 'लेयर' मेनूतल्या 'स्टॅक'मध्ये क्रम उलटवायची सोय आहे. फोटोंना नावं देताना 01, 02 अशी द्या, नाहीतर 1 नंतर 10 येऊन बसतो.

वेग ही आणखी एक गोम. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात नोंदली जाते. खूप वेगवान हवं म्हणून 10 मिलिसेकंद दिलेत तर बहुतेक ब्राउझर तो आकडा न मानता 100 मिलिसेकंद धरतात आणि चित्र उलट रेंगाळतं. दिव्यांच्या उघडझापीसाठी मला 100 ते 150 पुरतात. एखादी फ्रेम जास्त थांबवायची असेल तर लेयरच्या नावापुढे कंसात तिची वेळ लिहिता येते, एककाची अक्षरं (ms) मात्र इंग्रजीतच.

हलते, पण घाण दिसते

आधीच्या फ्रेमची भुतं मागे राहत असतील तर 'फ्रेम डिस्पोजल'मध्ये 'वन फ्रेम पर लेयर' निवडा. पण 'फिल्टर्स'मधल्या 'अ‍ॅनिमेशन'मधून 'ऑप्टिमाइझ' केलेल्या प्रतीवर ही निवड सगळ्या फ्रेमना लावू नका. ऑप्टिमाइझ केल्यावर प्रत्येक लेयरमध्ये फक्त बदललेला तुकडा उरतो, तो मागच्या फ्रेमवरच बसायला हवा. म्हणून ऑप्टिमाइझ सगळ्यात शेवटी, आणि तेही प्रतीवरच.

रंग फुटतात ते जिफच्या स्वभावामुळे. हा प्रकार 1987 सालचा, एका फ्रेमला जास्तीत जास्त 256 रंग. आकाशात पट्टे दिसत असतील तर 'इमेज'मधल्या 'मोड'मधून 'इंडेक्स्ड' करताना डिदरिंग, म्हणजे ठिपके मिसळून मधल्या रंगांचा भास करणं, चालू करा. चित्रावर देवनागरी मजकूर असेल तर मात्र डिदरिंग बंद ठेवून पाहा. ठिपक्यांमुळे बारीक शिरोरेघ तुटते आणि 'गणपती बाप्पा मोरया' धुळीत लिहिल्यासारखं दिसतं. जाड फॉन्ट घ्या, मागे सपाट रंग ठेवा. फोटोशॉपमध्ये 'ि' चुकीच्या जागी पडत असेल तर तो एक्सपोर्टचा दोष नाही. टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'वर्ल्ड-रेडी' मांडणी निवडा, जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय असतो.

पारदर्शक कडेला पांढरी किनार येत असेल, तर जिफमध्ये अर्धवट पारदर्शकता नसते हे लक्षात घ्या. ज्या रंगावर चित्र बसणार आहे तो पार्श्वरंग ठेवून 'लेयर'मधल्या 'ट्रान्सपरन्सी'खालचं 'सेमी-फ्लॅटन' वापरा.

फाइल जड झाली तर गणित करा. 1080 बाय 1080 ची एक फ्रेम म्हणजे 11,66,400 पिक्सेल, अशा 40 फ्रेम म्हणजे साडेचार कोटींच्या वर. 480 बाय 480 च्या 20 फ्रेम केल्या तर तोच आकडा 46 लाखांवर येतो, म्हणजे दहाव्या हिश्शावर. एकाआड एक फ्रेम काढली तर उरलेल्यांची वेळ दुप्पट करा, म्हणजे चाल तीच राहते. बारीक रंगछटा हव्याच असतील तर हलणारं वेबपी (चित्रांचा दुसरा एक फाइलप्रकार) काढून पाहा. तिथेही 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन'ची टिक लागतेच.

पाठवण्याआधी फाइल ब्राउझरमध्ये ओढून एकदा पूर्ण फिरू द्या. व्हॉट्सअ‍ॅप जिफचा बिनआवाजी व्हिडिओ करतं, त्यामुळे तिथे काही वेगळं दिसलं तर मूळ फाइल बिघडली असं समजू नका. ब्राउझरमध्ये नीट फिरत असेल तर तुमचं एक्सपोर्ट झालेलं आहे.