परक्या शब्दांशिवाय इंग्रजी कशी लिहावी

१०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा पूर आला. त्यामागून लॅटिन आणि ग्रीकही आले. हे सगळे बाजूला ठेवून उरलेल्या घरच्या शब्दांत लिहायचं, या प्रकाराला 'अँग्लिश' म्हणतात.

सुरुवातीला दहा ओळींचा साधा परिच्छेद घ्या. बातमी चालेल. कायद्याचा मजकूर नको, त्यातले उसने शब्द काढले की हाती काहीच उरत नाही.

आता प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती कोशात पाहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. "लांब शब्द परके, छोटे शब्द अस्सल" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. यूज, ट्राय, फेस, जस्ट, व्हेरी, पीपल हे सगळे फ्रेंचमधून आले. 'बिकॉज'मधला 'कॉज'सुद्धा. उलट 'आयलंड' मूळचा इंग्रजीच आहे. त्यातलं मुकं 'एस' अक्षर फ्रेंच 'आइल'च्या नादाने नंतर घुसलं.

याहून मोठा खड्डा पुढे आहे आणि त्यात मी बरेच महिने पडून होतो. कोशात लॅटिन 'नोमेन' दिसलं म्हणून मी 'नेम' हा शब्द टाळत असे. ती उसनवारी नव्हतीच, ते नातं होतं: दोन्ही शब्द एकाच जुन्या मूळ भाषेतून उतरलेले. आपलं 'नाम' त्याच घराण्यातलं. फादर आणि पितृ, न्यू आणि नव, डोअर आणि द्वार, माउस आणि मूषक, या जोड्याही तशाच. "अमुक भाषेतून आला" आणि "अमुक शब्दाशी तुलना करा" ही कोशातली दोन अगदी वेगळी विधानं आहेत. पहिलं दिसलं तर शब्द काढा, दुसरं दिसलं तर त्याला हात लावू नका. घाईने नोंद चाळणारा इथे हमखास चुकतो आणि चांगले शब्द हकनाक गमावतो.

दे (म्हणजे 'ते लोक'), टेक, स्काय, एग हे इंग्रजी शब्द व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतले. तेही काढा म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नॉर्स ही इंग्रजीची सख्खी चुलत बहीण आहे, आणि 'दे' काढलात तर पुढचं वाक्यच अडतं. स्ट्रीट, वॉल, चीज लॅटिनमधले खरे, पण नॉर्मन येण्याआधी शेकडो वर्षं घरात रुळलेले. मी ते ठेवतो. तुमची रेघ वेगळी असेल तर असो, पण आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

काढलेल्या शब्दाच्या जागी मेलेले शब्द उकरून आणू नका. जोडक्रियापदं वापरा. शाळेत आपल्याला जड लॅटिन क्रियापदंच प्रतिष्ठित म्हणून शिकवली गेली, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावावी लागते. 'पोस्टपोन'ला पुट ऑफ, 'इन्व्हेस्टिगेट'ला लुक इन्टू, 'डिस्कव्हर'ला फाइंड आउट, 'टॉलरेट'ला पुट अप विथ. "द कमिटी डिसायडेड टु पोस्टपोन द डिस्कशन" याचं "द बोर्ड चोझ टु पुट ऑफ द टॉक्स" होतं, आणि कुणाला खटकतही नाही.

अगदीच अडलं तर नवा शब्द घडवा, पण त्याचे दोन्ही तुकडे आजच्या वापरातले हवेत. १९व्या शतकात डॉर्सेटचे कवी विल्यम बार्न्स यांनी 'बॉटनी'साठी 'वर्टलोअर' सुचवला. 'लोअर' म्हणजे परंपरेने आलेलं ज्ञान हे ठाऊक होतं, पण 'वर्ट' म्हणजे वनस्पती हे सामान्य वाचकाला कळेना, शब्द पडून राहिला. विल्यम थॉम्स यांनी १८४६ साली 'फोकलोअर' घडवला, तो मात्र जगभर गेला, कारण 'फोक' आणि 'लोअर' दोन्ही लोकांच्या ओळखीचे होते. सावरकरांना 'महापौर' घडवताना संस्कृतचं भांडार हाताशी होतं. सामान्य इंग्रजी वाचकाला जुनी इंग्रजी तशी ओळखीची नसते, म्हणून त्या वाटेने इथे जाता येत नाही.

झालेला मजकूर काहीही न सांगता एखाद्या इंग्रजी वाचणाऱ्या मित्राला वाचायला द्या. तो जिथे थबकेल तो शब्द बदला.