चष्मा न काढता व्यक्तिचित्र टिपताना

चष्मा लावणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र काढायचे म्हटले की पुष्कळ छायाचित्रकार आधी चष्माच काढून ठेवायला सांगतात. तसे कधीही सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. वर्षानुवर्षे चष्मा वापरणाऱ्या माणसाने तो काढला की त्याची नजर ठरत नाही, डोळे बारीक होतात, नाकाच्या दोन्ही बाजूंचे वळ उघडे पडतात आणि घरच्यांनाही तो चेहरा परका वाटतो. काचेवरची चकाकी टाळायची असेल तर हलवायचा तो दिवा.

ज्या कोनात प्रकाश काचेवर पडतो त्याच कोनात तो परततो, एवढा एक नियम येथे पुरतो. चेहरा कॅमेरा आणि दिवा यांच्या बरोबर मधल्या दिशेला वळलेला असेल तर दिव्याचे प्रतिबिंब थेट लेन्समध्ये येते. म्हणून दिवा बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीच्या बराच वर न्यावा, आणि चेहरा कॅमेऱ्याकडे किंवा दिव्यापासून किंचित दूर वळवावा. मात्र दिवा फार उंच गेला की फ्रेमच्या वरच्या कडेची सावली नेमकी बुबुळांवर पडते, आणि ती चकाकीपेक्षाही वाईट दिसते. त्यामुळे दिवा थोडा थोडा वर सरकवत प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या जागेवरूनच पाहावे. मोठ्या सॉफ्टबॉक्सचा (दिव्यावर बसवायच्या पांढऱ्या पडद्याच्या पेटीचा) प्रकाश मऊ असतो हे खरे, पण तो काचेत जागाही तितकीच जास्त व्यापतो, म्हणून चष्म्यासाठी लहान आकाराचा दिवा सोयीचा ठरतो.

एवढे करूनही चकाकी उरली तर हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगावे, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलाव्यात. काचा खाली झुकतात, वरून आलेला प्रकाश जमिनीकडे वळतो आणि समोरून पाहणाऱ्याला हा बदल जाणवतही नाही. काड्या फार उचलल्या तर मात्र फ्रेमची वरची कड डोळ्यांवर येते.

एकदा एका वृद्ध गृहस्थांचे छायाचित्र काढताना त्यांच्या डाव्या काचेच्या तळाशी एक पांढरी पट्टी दिसत होती. मुख्य दिवा तीनदा हलवला, तरी पट्टी जागची हलेना. अखेर लक्षात आले की हनुवटीखालची सावली उजळण्यासाठी मीच मांडीच्या उंचीवर धरलेला पांढरा रिफ्लेक्टर त्या काचेत दिसत होता. तेव्हापासून मी दिव्यांइतकेच लक्ष खोलीतल्या प्रत्येक उजळ वस्तूकडे देतो आणि स्वतः गडद रंगाचा सदरा घालतो.

पोलरायझर फिल्टरवर, म्हणजे चकाकी कमी करण्यासाठी लेन्सपुढे लावायच्या काचेवर, फार भिस्त ठेवू नये. चष्म्याच्या काचेवर लंबापासून साधारण ५६ अंशांनी पडलेल्या प्रकाशाची चकाकी तो उत्तम काढतो, पण जवळजवळ समोरून आलेल्या प्रकाशापुढे त्याचे काही चालत नाही, आणि दीड ते दोन स्टॉप प्रकाश (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) मात्र खर्ची पडतो. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो; चकाकीरोधक लेप असलेल्या काचेत हे प्रमाण बरेच घटते, तरी हिरवट किंवा जांभळट झाक उरू शकते.

मायनस नंबरच्या जाड काचांमधून डोळे लहान दिसतात आणि गालाची कड आत सरकल्यासारखी भासते. चेहरा समोरून थोडा एका बाजूला (तीन-चतुर्थांश) वळवला की ही तुटलेली कड ठळक होते, म्हणून अशा व्यक्तीला शक्यतो समोर पाहायला सांगावे. उन्हात काळवंडणाऱ्या काचा असतील तर घरात आल्यावर काही मिनिटे थांबावे.

फोकस फ्रेमवर नव्हे, बुबुळावर हवा. आपोआप फोकस करणारा कॅमेरा कधी कधी फ्रेमच्या कडेलाच अडकतो, तेव्हा पडद्यावर मोठे करून खात्री करावी आणि ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/४ ते एफ/५.६ ठेवावे. पहिले छायाचित्र टिपण्याआधी काचा मऊ कापडाने ज्याच्या त्याला पुसू द्याव्यात, कारण बोटाचा एक ठसा नंतर संगणकावर पुसायला अर्धा तास घेतो.