जुन्या क्यूला सँडपेपर लावण्याआधी

पूल या टेबलावरच्या खेळाची काठी म्हणजे क्यू. त्याच्या टोकावरची चामड्याची टिप बदलणं, पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट घासून गुळगुळीत करणं हा माझा उद्योग. सुरुवातीच्या दिवसांत एक गिऱ्हाईक जुना क्यू घेऊन आलं. मी हौसेने शाफ्ट घासला, मुठीवर गुंडाळलेला कळकट लिननचा रॅप काढून नवा गुंडाळला, मागच्या जाड भागाला, म्हणजे बटला, नवं लॅकर मारलं. आरशासारखा चकाकला! पुढे एका संग्राहकाने तो हातात घेतला, कॅलिपरने शाफ्टची जाडी मोजली आणि काही न बोलता परत ठेवला. 13 मिमीचा शाफ्ट माझ्या कृपेने साडेबारावर आला होता.

म्हणून आधी ठरवा, क्यू खेळायला हवाय की जपायला?

खेळायला हवा असेल तर काम सोपं आहे. वजन 19 औंसांच्या आसपास, टिप चांगली आणि क्यू सरळ. सरळपणा तपासताना बरेच जण जोडलेला क्यू टेबलावर लोळवतात आणि थांबतात. सुटे भागही लोळवा. सुटे नीट चालतात आणि जोडल्यावर टोक उड्या मारतं, तर खोट दोन भाग जोडणाऱ्या जॉइंटमध्ये आहे. शाफ्टखाली फट दिसली म्हणून घाबरू नका. तो निमुळता असतो, फट असणारच. लोळताना ती लहानमोठी होते का, तेवढं बघा. नक्षीकामाने नेम सुधारत नाही, त्याचे पैसे वाचवा.

संग्राहक मात्र आधी बनवणारा कोण ते बघतो. अमेरिकेतला नामांकित क्यू कारागीर जॉर्ज बालाबुश्काने 1959 ते 1975 या काळात सुमारे हजार-बाराशे क्यू केले, त्यातले बरेचसे ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ क्यूंचे बट वापरून. त्याच्या नावाच्या नकला भरपूर आहेत, शिवाय परवाना घेऊन कारखान्यात काढलेले क्यूही आहेत. तेव्हा नुसत्या नावावर भाळू नका, क्यूचा मागचा प्रवास विचारा.

मग भिंग घ्या आणि बटवरच्या पॉइंट्सची, म्हणजे जडवलेल्या टोकदार लाकडी नक्षीची, टोकं बघा. खाच पाडून लाकूड जोडलेलं असेल तर टोक सुईसारखं निघतं. यंत्राने कोरून बसवलेलं सहसा किंचित बोथट असतं, कारण फिरणाऱ्या पात्याला अणकुचीदार कोपरा काढता येत नाही. चारही टोकं एका उंचीवर आहेत का, रंगीत व्हेनीरच्या, म्हणजे पातळ लाकडी थरांच्या, रेघा सारख्या जाडीच्या आहेत का, हेही पाहा. मला या रेघा बघत तासभर बसता येतं, घरचे वैतागतात.

मूळचे दोन्ही शाफ्ट (मुख्य आणि जादाचा), मूळ रॅप आणि जुनं लॅकर असेल तर किंमत वेगळीच. पुन्हा लॅकर द्यायचंच झालं तर ते मूळ कारागिराच्या हातचं असावं. हस्तिदंत असेल तर देशाबाहेर नेण्याआधी परवान्याचे नियम वाचा.

टिप मात्र बिनधास्त बदला. ती झिजायचीच, त्यावरून संग्राहकही हुज्जत घालत नाहीत.