जुन्या फोटोग्राव्ह्यूर चित्रांबाबत या चुका टाळा

गावाकडच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडन किंवा न्यूयॉर्कमधील रस्त्यांची तपकिरी चित्रे सापडली, की ‘फोटो पार उडाले’ असे म्हणून ती बाजूला टाकली जातात. मुळात ती अनेकदा फोटो नसून फोटोग्राव्ह्यूर, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून शाईने छापलेली चित्रे असतात. कारेल क्लीच या चेक चित्रकाराने १८७९ च्या सुमारास सुधारलेल्या या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवून, छायाचित्रातील छटांप्रमाणे तो पत्रा फेरिक क्लोराइडने कमीअधिक खोल कोरला जाई आणि त्या खोलगटात भरलेली शाई कागदावर उतरे. त्यामुळे तपकिरी रंग बहुधा शाईचाच असतो.

ओळख पटवण्यासाठी सोनाराचे भिंग पुरते. कण अनियमित दिसले तर फोटोग्राव्ह्यूरची शक्यता मोठी. ठिपके ओळीने दिसले तर ती हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणारी छपाई. कडेला छापताना उमटणारा पत्र्याचा दाबठसा नाही म्हणून चित्र लगेच नाकारू नये, कारण पातळ जपानी कागदावरची चित्रे अनेकदा कापून दुसऱ्या कागदावर चिकटवली जात.

वर्षाची नोंद करतानाही गफलत होते. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कच्या बर्फात घोड्यांच्या ट्रामचे ‘द टर्मिनल’ हे दृश्य १८९३ मध्ये टिपले. ते त्याच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात १९११ मध्ये आले. त्या अंकातील प्रतीवर केवळ १८९३ लिहिणे चूक ठरते.

सर्वांत मोठी हानी मात्र आपल्या घरातच होते. वैशाखात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या खोलीत दिवसभर चालतो, त्याच खोलीच्या भिंतीवर चित्र टांगले, तर ओलसर हवेने कागद फुगतो, पुढे पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि तांबूस डाग पडतात. कूलर बंद करा असे सांगणे म्हणजे घरात भांडण लावणे. तेव्हा चित्रच दुसऱ्या खोलीत, आतल्या कोरड्या भिंतीवर हलवावे आणि काच कागदाला टेकू देऊ नये. डाग ब्लीचने घालवू नयेत. तालुक्याच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण उष्णतेने चिकटलेले ते प्लास्टिक कागदाला इजा न करता काढणे जवळपास अशक्य असते. फाटलेल्या जागी सेलोटेप लावण्यापेक्षा, तुकडे आम्लरहित कागदात सपाट ठेवून ते जाणकाराकडे न्यावेत.