कर्बोदकं कमी करताना काटा किती खरा, टेप किती खरी

मी शिवणकाम करते. सत्तावीस वर्षं लोकांची मापं घेतली, स्वतःच्या कमरेला टेप लावायचं मात्र टाळत आले. ४६व्या वर्षी एकदाची लावली: ३८ इंच. वजन ७८ किलो. पुढच्या सात महिन्यांत कर्बोदकं कमी करून ९ किलो उतरवले.

ताटाला हात लावण्याआधी औषधांचा डबा उघडा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भात-पाव अचानक कमी केला, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतोही. रक्तदाबाची गोळी, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका.

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही. फक्त तोलायचं आणि लिहायचं. मी स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा आणला आणि मला माझीच लाज वाटली. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. माझा ‘थोडासा भात’ २५० ग्रॅम भरला, तोही दोन वेळा. म्हणजे १४० ग्रॅम तिथेच. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर, ती आणखी पस्तीसेक ग्रॅम. बिस्किटं तर मी मोजतच नव्हते, कारण ती मशीनवर बसल्या बसल्या खाल्लेली. उभ्यानं किंवा काम करता करता खाल्लेलं आपण जेवणात धरत नाही ना!

मग किती खायचं? दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलं की सहसा ‘कमी कर्बोदकं’ म्हणतात, आणि कीटो म्हणजे ५० च्याही खाली. मी १०० वर थांबले. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, कमी चरबी खाणाऱ्यांचं ५.३, हा फरक नगण्य ठरला. दोन्ही गटांत काहींचं वजन भरपूर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. तेव्हा कर्बोदकांच्या मागे हात धुऊन लागण्यात मला अर्थ दिसला नाही. ती कमी करून प्रथिनं वाढवली की पोट भरलेलं राहतं आणि एकूण खाणं आपोआप आटोक्यात येतं, माझ्यापुरता एवढाच उपयोग.

कापायचं या क्रमानं: आधी पिण्यातली साखर, फळांचे रससुद्धा. मग भात, पाव, बटाटा निम्म्यावर. रिकाम्या जागी पालेभाज्या, फ्लॉवर, काकडी आणि दर जेवणात अंडी, मासे, पनीर किंवा डाळ. शिजलेल्या १०० ग्रॅम डाळीत २० ग्रॅम कर्बोदकं असतात खरी, पण त्यातला बराच भाग तंतूंचा (फायबरचा), जो पचून साखर होत नाही. दिवसाच्या १०० ग्रॅम कर्बोदकांच्या हिशेबात ती सहज बसते. डाळ सोडायला मी तयारच नव्हते.

आता काटा. पाचव्या दिवशी माझं वजन पावणेदोन किलोंनी उतरलं होतं. त्यात चरबी नावापुरती. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा आटला की पाणी निघून जातं. पुढे एका समारंभात पोटभर गोड खाल्लं, तर दुसऱ्या सकाळी काटा १.४ किलोंनी वर. एका रात्रीत तेवढी चरबी चढत नाही. तेही पाणीच.

पाण्याबरोबर मीठही जातं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. डोकं ठणकत होतं आणि सुईत दोरा ओवताना हात थरथरत होते. जेवणात मीठ किंचित वाढवलं, पाणी वाढवलं, दोन दिवसांत बरं वाटलं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी माझं बघून मीठ वाढवू नये.

दुसऱ्या महिन्यात वजन हटेचना. काटा खोटा असेल म्हणून त्याच्यावर पिठाची पिशवी ठेवून बघितली. काटा बरोबर होता, चूक काजूंची होती. ‘मूठभर’ म्हणून खात होते ते तोलले तर ४५ ग्रॅम: जवळजवळ १४ ग्रॅम कर्बोदकं आणि अडीचशे कॅलरी. बदाम घेतले, तेही मोजून पंधरा.

पण त्याच महिन्यात कंबर पाऊण इंचानं कमी झाली होती, म्हणून टेप हवीच. कंबर म्हणजे नाडी बांधायची जागा नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कुल्ल्याचं वरचं हाड चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप लावा. ती जमिनीला समांतर असावी, टेकावी पण रुतू नये. श्वास सहज सोडून वाचा. पोट आत ओढू नका. माप घेताना गिऱ्हाइकं हमखास ओढतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून माझ्यावर रागावतात. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी एवढं पुरे.

बद्धकोष्ठ झालं तर भाज्या आणि पाणी वाढवा. तीनेक महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासा. लोणी-मलईवर भर देणाऱ्या काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढतं. माझं थोडं चढलं होतं, मी लोण्याऐवजी तेल वापरायला लागले.

आणि कपडे आत घ्यायला आणलेत, तर शिलाईतलं जादा कापड मी कापत नाही, कितीही सांगा. माझ्या स्वतःच्या कपड्यांत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच तसंच दुमडलेलं आहे.