हॅलाइडच्या प्रॅक्टिकलची तयारी: सुरुवात पाण्यापासून

या प्रॅक्टिकलमध्ये सॉल्टमध्ये क्लोराइड, ब्रोमाइड की आयोडाइड (म्हणजे कोणतं हॅलाइड) आहे, हे सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर तयार होणाऱ्या अवक्षेपावरून (न विरघळणाऱ्या साक्यावरून) ओळखतात. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून ते तोलण्याआधी पाणी पारखा. गोव्यात नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच आणि खाजनालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीलगतच्या) विहिरींचं पाणी तर मचूळ असतं. अशा पाण्याने विसळलेली टेस्ट ट्यूब सॉल्ट न घालताच पांढुरकी होते. पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यातल्या 2 मिलीत विरल नायट्रिक आम्लाचे तीन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचा बारीक खडा टाका. गढुळलं तर कॅन परत करा. ट्यूबा शेवटी याच पाण्याने दोनदा विसळा. अंगठ्याने तोंड दाबून ट्यूब हलवू देऊ नका, घामातही क्लोराइड असतं.

पाणी ठीक असेल तर 1.7 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटचं 100 मिली द्रावण करून तपकिरी बाटलीत भरा. बोटांवर सांडलं तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत, हातमोजे हवेतच. आम्ल नायट्रिकच घ्या: 175 मिली पाण्यात 25 मिली तीव्र आम्ल, हळूहळू. हायड्रोक्लोरिक घेतलं की प्रत्येक सॉल्ट क्लोराइडच ठरणार! सोडा एक्स्ट्रॅक्ट (सॉल्ट सोडियम कार्बोनेटसोबत पाण्यात उकळून गाळलेलं द्रावण) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत आम्ल घाला, नाहीतर सिल्व्हर कार्बोनेटचा अवक्षेप फसवतो. अमोनियाच्या दोन बाटल्या लागतील, विरल आणि तीव्र. पांढरा अवक्षेप क्लोराइडचा, तो विरलमध्ये विरघळतो, फिकट पिवळा ब्रोमाइडचा तीव्रमध्ये, पिवळा आयोडाइडचा कशातच नाही. पांढरा की फिकट पिवळा, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. खिडकीजवळची टेबलं मोकळी ठेवा.

नमुन्यांत सोडियम क्लोराइड, पोटॅशियम ब्रोमाइड, पोटॅशियम आयोडाइड पुरेत. पावसाळ्यात बरण्यांची झाकणं घट्ट लावा. मिठागरातलं मीठ क्लोराइडसाठी चालेल. आयोडीनयुक्त मिठाची पुडी मात्र आयोडाइड म्हणून ठेवू नका: त्यात आयोडेट असतं, तेही अगदी थोडं. फ्लोराइड वगळा, सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळतं.

ब्रोमाइड-आयोडाइडची खात्री करायला लागणारं क्लोरीन वॉटर (क्लोरीन विरघळवलेलं पाणी) ताजंच हवं. क्लोरोफॉर्मसोबत ते थेंबाथेंबाने घालायचं: ब्रोमाइडला तळाचा थर नारिंगी होतो, आयोडाइडला जांभळा. जास्त पडलं तर जांभळा रंग उडून जातो आणि मुलं ‘आयोडाइड नाही’ असं लिहून मोकळी होतात.

टाकाऊ चांदीसाठी वेगळी बाटली ठेवा. अमोनिया मिसळलेलं चांदीचं द्रावण साठवलं तर स्फोटक होऊ शकतं, त्यामुळे त्यात त्याच दिवशी, प्रयोगशाळा बंद करण्याआधी, नायट्रिक आम्ल घालून ते आम्लधर्मी करा.