व्हर्जिनियातील गुलामगिरीचा उगम जुन्या कागदांतून कसा शोधावा

अमेरिकेतील गुलामगिरी १६१९ साली सुरू झाली, असे एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ हे जहाज व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतील पॉइंट कम्फर्टला लागले आणि पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेली वीसेक अंगोलन माणसे अन्नसामग्रीच्या बदल्यात तेथे दिली गेली, हे खरे. परंतु त्या दिवशी व्हर्जिनियात गुलामगिरीचा एकही कायदा नव्हता. म्हणून अभ्यासकाने एकच तारीख शोधण्यापेक्षा प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारावा: या माणसाची चाकरी किती काळाची?

त्यासाठी आधी करारबद्ध मजुरी समजून घ्यावी. जहाजाचे भाडे परवडत नसलेला इंग्रज मजूर साधारण ४ ते ७ वर्षांच्या चाकरीचा करार करून येई, आणि १६१८पासून त्याला आणणाऱ्यास माणशी ५० एकर जमीन मिळे. तेथील मुख्य पीक असलेल्या तंबाखूला हात आणि जमीन दोन्ही लागत. या व्यवस्थेने दोन्ही एकदम पुरवले. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांमुळे ‘गिरमिट’ (मजुरीचा करार) हा शब्द आपल्या परिचयाचा आहे, मात्र ती तुलना जपून करावी, कारण तेथे गुलामगिरी संपत असताना करारबद्ध मजूर आले, तर व्हर्जिनियात क्रम नेमका उलटा होता.

कागद वाचताना ‘सर्व्हंट’ या शब्दावर विसंबू नये. तो इंग्रज करारबद्धालाही लावला जाई आणि आफ्रिकनालाही. १६२५च्या शिरगणतीत ‘अँटोनिओ, नीग्रो’ अशी नोंद असलेला माणूस पुढे अँथनी जॉन्सन या नावाने स्वतंत्र शेतकरी झाला आणि १६५१ मध्ये पाच माणसांच्या हिशेबाने त्याला २५० एकर जमीन मिळाली. जॉन कॅसर या आफ्रिकनाने आपण सात-आठ वर्षांच्या करारावर आलो असल्याचे सांगितले, तेव्हा १६५५ मध्ये न्यायालयाने त्याला पुन्हा मालकाच्या ताब्यात दिले. तो मालक हाच जॉन्सन होता. अशी उदाहरणे गैरसोयीची वाटली तरी वगळू नयेत.

एकाच गुन्ह्याच्या शिक्षा शेजारी ठेवून पाहणे, ही माझ्या मते सर्वांत उपयुक्त रीत आहे. १६४० मध्ये एका मालकाचे तीन चाकर मेरीलंडला पळाले आणि पकडले गेले. तिघांनाही फटके बसले. त्यांतील डच आणि स्कॉटिश माणसांची चाकरी चार वर्षांनी वाढली, आणि जॉन पंच या आफ्रिकनाला मात्र जन्मभर चाकरीची शिक्षा झाली.

कायदे वाचताना जे सरळ सांगितलेले नाही, पण गृहीत धरलेले आहे, त्याकडेही लक्ष द्यावे. मार्च १६६१चा कायदा पळून जाणाऱ्या इंग्रज चाकरांविषयी आहे. त्यात ओघात असे म्हटले आहे की मुदत वाढवून भरपाई करू न शकणारे नीग्रो त्यांच्यासोबत पळाले, तर त्यांच्या गैरहजेरीचा काळही इंग्रजांनीच भरून द्यावा. मुदत वाढवता येत नाही, कारण ती मुळातच जन्मभराची आहे.

यानंतर मूल कोणाचे, हा प्रश्न विचारावा. इंग्रज पिता आणि आफ्रिकन माता असलेल्या, बाप्तिस्मा झालेल्या एलिझाबेथ की हिने न्यायालयात झगडून १६५६ मध्ये स्वातंत्र्य मिळवले. सहा वर्षांनी, डिसेंबर १६६२ मध्ये, मुलाचा दर्जा आईवरून ठरेल असा कायदा झाला, आणि १६६७च्या कायद्याने बाप्तिस्म्याने मुक्ती मिळण्याची वाटही बंद केली. इंग्रजी प्रथेत मूल बापाचे मानले जाई. येथे ती प्रथा मालकाच्या लाभासाठी फिरवली गेली.

तारखांबाबत एक सावधगिरी: तेव्हाचे इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतील नोंद आजच्या गणनेने पुढच्या वर्षाची ठरते.

१६७६चे बेकनचे बंड, म्हणजे नॅथॅनियल बेकनच्या नेतृत्वाखाली गव्हर्नरविरुद्ध झालेला, करारबद्ध इंग्रज आणि आफ्रिकन दोघेही सामील असलेला उठाव, हा निर्णायक टप्पा मानणारे पुष्कळ आहेत. बंडानंतर गुलामांची संख्या झपाट्याने वाढली, हे मान्य. पण वरचे कायदे बंडाआधीचे आहेत, आणि वाढीमागे इंग्रज मजुरांचा आटता ओघ व १६९८ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनी या इंग्रज कंपनीची गुलामांच्या व्यापारातील संपलेली मक्तेदारी ही कारणेही होती.

शेवटी १७०५चा कायदा सबंध वाचावा. मुदत संपलेल्या पुरुष करारबद्धास दहा बुशेल (धान्याचे एक माप) मका, तीस शिलिंग आणि वीस शिलिंग किमतीची बंदूक द्यावी, असे त्यात आहे. आणि शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे.